रिफ आधी तोंडात, मग बोटांत

रॉक गाण्याचा सुरुवातीचा रिफ शिकताना बहुतेक जण आकड्यांपासून सुरुवात करतात. कुठली तार, कितवा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी), एवढं पाठ झालं की रिफ आला असं वाटतं. मित्रासमोर वाजवला की मित्र गाणं ओळखतो, पण त्याचा पाय काही हलत नाही. स्वर सगळे बरोबर असतात; चुकलेली असते ती स्वरांची जागा. कुठला स्वर मात्रेवर, कुठला अर्ध्या मात्रेवर आणि कुठे गप्प बसायचं, हे फ्रेटच्या आकड्यांत लिहिलेलं नसतं.

म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे. आधी रिफ सरगममध्ये गायचा, हाताने ताल धरायचा आणि मगच गिटार मांडीवर घ्यायची. सोलापूरकराला हे जड जाऊ नये. घरात कुणीतरी भजनात टाळ धरलेला असतो, शाळेत पेटीवर सरगम झालेली असते, गल्लीत हलगी ऐकलेली असते. रॉकसाठी वेगळा कान लागत नाही.

रिफ म्हणजे काय, काय नाही

रिफ म्हणजे एक ते चार मापांचा (बारचा), पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा. बंदिशीच्या मुखड्याच्या जवळचं काम तो करतो. फरक इतकाच, की मुखडा गायकाचा असतो आणि रिफ वाद्याचा. लक्षात राहणारे रिफ बहुधा तीन ते सहा स्वरांचेच असतात, आणि ते गुणगुणता येतात. रोलिंग स्टोन्सचं ‘सॅटिस्फॅक्शन’ (१९६५) घ्या. पाचव्या तारेवर २, ४ आणि ५ हे तीनच फ्रेट. ई हा सा धरला तर प, शुद्ध ध आणि कोमल नि. त्यांचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने तो ब्रास वाद्यांसाठी कच्चा आराखडा म्हणून वाजवला होता, आणि तोच फझ पेडलवरचा (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलवरचा) तुकडा कायम राहिला. तीन स्वरांत भागत असेल तर चौथा शोधू नका.

आधी वाद्य ताळ्यावर आणा

रिफमध्ये दोन तारा एकत्र वाजतात तेव्हा सुराची चूक लगेच उघडी पडते. म्हणून पुढच्या तीन गोष्टी टाळू नका.

तारा चार-सहा महिने जुन्या आणि काळवंडलेल्या असतील तर बदला. सुरुवातीला इलेक्ट्रिकवर नऊचा किंवा दहाचा सेट (सगळ्यांत बारीक तार ०.००९ किंवा ०.०१० इंच जाडीची) पुरे. नवी तार लावल्यावर बाराव्या फ्रेटजवळ हलकेच वर ओढायची, पुन्हा सुरात लावायची, असं चार-पाच वेळा करायचं. नाहीतर तासभर ती उतरतच राहते.

मग बाराव्या फ्रेटवर प्रत्येक तारेचा हार्मोनिक (बोट न दाबता नुसतं टेकवून निघणारा स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा येत असेल तर ब्रिजवरचा सॅडल (तार टेकते तो तुकडा) मानेपासून लांब सरकवा, उतरता येत असेल तर मानेकडे घ्या. हे न करता कितीही सूर लावला तरी वरच्या फ्रेटवरच्या जोड्या बेसूरच लागणार.

तिसरी गोष्ट सोलापूरच्या हवेची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं मानेच्या कडेला हाताला टोचायला लागतात, मान मागे वळते आणि तारा खालच्या फ्रेटवर झणझणतात. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, साधारण पाव मिलिमीटर फट हवी. फट अजिबात नसेल तर ट्रस रॉड (मानेतली धातूची सळई) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा, रात्रभर ठेवा, पुन्हा बघा. एका बैठकीत पाव फेऱ्याहून जास्त नको. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवली तर अकूस्टिक गिटारला उन्हाळा सोसतो. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत वाद्य ठेवू नका. ब्रिज चिकटवलेला गोंद तिथेच सुटतो.

पहिला रिफ, तीनतालाच्या एका आवर्तनात

‘स्मोक ऑन द वॉटर’ सगळेच वाजवतात आणि जवळजवळ सगळे चुकवतात, म्हणून इथे जरा थांबू. डीप पर्पलचं हे गाणं १९७२ च्या ‘मशीन हेड’ या अल्बममधलं. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावातला कॅसिनो जळाला, त्याचा धूर तलावावर पसरला, तीच गाण्याची गोष्ट आहे.

जी हा सा धरा. ग कोमल आहे. गायचं ते असं: सा ग म, सा ग तीव्र म – म, सा ग म ग सा. स्वर इतकेच. रिफ चार मापांचा, म्हणजे बरोबर सोळा मात्रांचा आहे. तीनतालाचं एक आवर्तन. हातावर ताल धरून स्वर पुढच्या जागी ठेवा.

पहिल्या मात्रेवर सा, दुसरीवर ग, तिसरीवर म. हा म दीड मात्रा धरायचा. मग चौथी मात्रा अर्धी झाल्यावर सा, पाचवी अर्धी झाल्यावर ग, सहावी अर्धी झाल्यावर तीव्र म, आणि सातवीवर नेमका म. तो आठवी संपेपर्यंत लांबवायचा. नवव्या मात्रेवर, म्हणजे तीनतालात ‘खाली’ (टाळी न वाजवता हात सोडायची मात्रा) येते तिथे, पुन्हा सा. दहावीवर ग, अकरावीवर म दीड मात्रा. बारावी अर्धी झाल्यावर ग, तेरावी अर्धी झाल्यावर सा, आणि तो सा आवर्तन संपेपर्यंत.

सगळी गंमत साडेचारच्या त्या सा मध्ये आहे. पहिला तुकडा मात्रेवर चालतो, दुसरा अर्धी मात्रा आधीच निघतो आणि सातव्या मात्रेवर पाय टेकतो. शिकाऊ वादक हा सा पाचव्या मात्रेवर वाजवतो आणि पुढचं सगळं मात्रेवर ओढून आणतो. गाणं ओळखू येतं, पण त्यातली लचक जाते. दुसरी नेहमीची चूक सातव्या मात्रेनंतरची. लांब स्वर धरायचा धीर नसतो, आणि नववी मात्रा यायच्या आतच पुढचा सा वाजतो. टाळी-खाली दाखवत वीस आवर्तनं गा. खाली बरोबर पडायला लागली की गिटार घ्या.

गिटारवर तिसरी आणि चौथी तार एकत्र वाजवायची. फ्रेट असे: ०-३-५, ०-३-६-५, ०-३-५-३-०. तिसऱ्या फ्रेटवर दोन्ही तारांवर तर्जनी आडवी, पाचव्यावर अनामिका आडवी, सहाव्यासाठी करंगळी. तर्जनीची खालची बाजू पहिल्या-दुसऱ्या तारेला नुसती टेकू द्या, आणि मानेवरून येणारा अंगठा सहाव्या तारेला. न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवणं हे स्वर वाजवण्याइतकंच मोठं काम आहे, कारण डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाडलेल्या आवाजात) कुठलीही मोकळी तार सगळं गढूळ करते.

डीप पर्पलचा तेव्हाचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर हा रिफ पिकने वाजवत नाही. दोन तारा तो अंगठा आणि बोटाने एकाच वेळी उचलतो. पिकने एक तार आधी आणि एक नंतर लागते. चिमटीने उचलल्यावर दोन्ही एकदम सुटतात आणि सुरुवात धारदार होते. दोन्ही पद्धतींनी रेकॉर्ड करून ऐका, फरक फोनच्या स्पीकरवरही कळतो.

आणि याच दोन तारा का? मोकळी चौथी तार डी, तिसरी जी. म्हणजे मंद्र पंचम आणि सा, तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारांचं नातं. त्यांच्या कंपनांचं प्रमाण ३:४. अ‍ॅम्पने आवाज फाडला की दोन स्वरांच्या फरकाचा तिसरा स्वर तयार होतो, आणि इथे तो बरोबर खालचा सा निघतो, दोन सप्तकं खाली. म्हणून दोनच तारा एवढ्या भारदस्त वाटतात. सा आणि शुद्ध ग एकत्र वाजवून त्याच अ‍ॅम्पवर बघा, आवाज लगेच गढूळ व्हायला लागेल. डिस्टॉर्शनला षड्ज-पंचम भाव मानवतो, बाकी जोड्या जपूनच.

दोन मात्रांत तीन स्वर

‘सेव्हन नेशन आर्मी’ (२००३) ऐकून अनेक जण बेस गिटार शोधतात. द व्हाइट स्ट्राइप्समध्ये बेस वाजवणारा कुणी नव्हताच. जॅक व्हाइटने सेमी-अकूस्टिक गिटार व्हॅमी पेडलमधून एक सप्तक खाली उतरवली आहे. ई हा सा धरून, ग, ध, नि कोमल: सा – सा ग सा नि ध – प. पाचव्या तारेवर ७, ७, १०, ७, ५, ३, २.

आठ मात्रांचा केरवा धरा. पहिला सा दीड मात्रा, दुसरा अर्धी. तिसऱ्या-चौथ्या मात्रेत मिळून ग सा नि हे तीन स्वर. पाचवीवर ध दोन मात्रा, सातवीवर प दोन मात्रा. अडचण आहे ती दोनात तीन बसवण्याची. तबल्यावर दीडपट लय म्हणतात तीच. डाव्या हाताने मांडीवर दोन, उजव्याने तीन असा सराव तबल्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतो; दोनच दिवस तो करा. हे तीन स्वर घाईत वाजले की ध लवकर येतो आणि ड्रमवाल्याशी भांडण लागतं.

ऑक्टेव्ह पेडल नसेल तर रिफ सहाव्या तारेवर नेऊ नका. मोकळ्या ई च्या खाली डी मिळत नाही आणि नि कडे आल्यावर अडकायला होतं. पाचवीवरच वाजवा, आणि बेसवाला सोबत असेल तर त्याला हाच रिफ द्या.

शेजारी शेजारी दोन मध्यम

क्रीम या बँडच्या ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ (१९६७) मध्ये दहा स्वर आहेत, तरी गळ्यात बसतो, कारण तो जवळजवळ सरळ उतरत येतो. डी हा सा, ग आणि नि कोमल: सा सा नि सा, प तीव्र म शुद्ध म, सा ग सा. शेवटचे तीन खालच्या सप्तकातले. धानीचे स्वर घ्या आणि त्यात तीव्र मध्यम घाला, की ब्लूजचा हा साचा तयार. ललितमध्ये दोन मध्यम लागोपाठ ऐकलेल्या कानाला ही उतरण परकी वाटणार नाही. लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये २९ जानेवारी १९६७ ला जिमी हेंड्रिक्सला ऐकून आल्यावर क्रीमचा बेसवादक जॅक ब्रूसने तो बेसवर बांधला.

चौथ्या तारेवर १२-१२-१०-१२, पाचवीवर १२-११-१०, सहावीवर १०, पाचवीवर ८, पुन्हा सहावीवर १०. पाचव्या तारेच्या तीन स्वरांना तीन वेगळी बोटं द्या: अनामिका, मधलं, तर्जनी. एकच बोट घसरवलं तर तीव्र मध्यम स्पष्ट लागत नाही. ड्रमवादक जिंजर बेकरचा ताल इथे पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जोर देतो. नेहमीच्या रॉकमधला दुसऱ्या-चौथ्याचा ठोका लावलात तर रिफ हलका पडतो.

जाड तारांचा गैरसमज

ब्लॅक सॅबथचं ‘आयर्न मॅन’ (१९७०) हा वजनदार आवाजाचा धडा. बी हा सा धरून, ग आणि ध कोमल: सा ग ग म म, ध प ध प ध प, ग ग म म. पाचव्या तारेवर २-५-५-७-७, १०-९-१०-९-१०-९, ५-५-७-७, आणि प्रत्येक स्वरासोबत चौथ्या तारेवर दोन फ्रेट पुढे अनामिका, म्हणजे त्याचा पंचम. हाताचा हा आकार गोठवून ठेवा आणि सगळा हात सरकवा. सरकताना बोटांचा दाब सोडला की आवाज तुटतो, फार दिला की हात अडतो.

वजनासाठी जाड तारा हव्यात असं पोरांना वाटतं. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात गेली होती. तो प्लास्टिकच्या टोप्या घालून वाजवायचा आणि बोटांना झेपाव्यात म्हणून मुद्दाम हलक्या तारा लावायचा. वजन येतं ते संथ लयीतून आणि स्वर पूर्ण लांबवण्यातून.

सात मात्रा

पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’ (१९७३) चा बेस रिफ सातात आहे, त्यामुळे पाश्चात्त्य विद्यार्थी तिथे बिचकतात. रूपक येणाऱ्याने बिचकायचं कारण नाही. बी हा सा: पहिल्या मात्रेत सा, दुसरीत तार सा आणि प अर्धा-अर्धा, तिसरीत सा, चौथीत मंद्र प, पाचवीत मंद्र नि, सहावीत सा, सातवीत ग. ग आणि नि कोमल. फ्रेट: पाचवी तार २, तिसरी तार ४, चौथी तार ४, पाचवी २, सहावी २, सहावी ५, पाचवी २, पाचवी ५. एकच सावधगिरी. रूपकात समेवर खाली असते, इथे पहिली मात्रा सगळ्यांत जड आहे. ठेका तसाच धरलात तर वजन उलटं पडेल. गिटार सोलोच्या वेळी गाणं चारात जातं, तेव्हा सातचा हात सोडा.

आवाज आणि खोली

गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण) कमी ठेवा. घरी वाजवताना जो आवाज हवाहवासा वाटतो तो बहुधा दुप्पट गेनचा असतो आणि त्यात स्वरांच्या कडा बुजतात. सुरुवात गेन ४, बेस ५, मिड ७, ट्रेबल ५ अशी करा. मिड कापू नका. खोलीत बरं वाटतं, पण ड्रम आणि बेस आले की गिटार गायब होते.

पूर्व भागात किंवा कुठेही जवळपास माग चालत असतील, तर सिंगल कॉइल पिकअपमध्ये (तारांची कंपनं टिपणाऱ्या, एका गुंडाळीच्या चुंबकात) मोटारींची घुंघूं येते. गिटार हातात धरून जागेवर हळूहळू फिरा. एका दिशेला आवाज एकदम कमी होतो, तिकडेच तोंड करून बसा. पंख्याचा जुना रेग्युलेटर आणि चोकची ट्यूबलाइट बंद करून बघा. तरी राहिलं तर हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) पिकअप हाच खरा उपाय. पेडलचं अ‍ॅडॉप्टर स्वस्तातलं असेल तर त्याचीही घरघर असते. नऊ व्होल्टची बॅटरी लावून खात्री करा.

शहाबादी फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत टाळी वाजवली की झंकार उठतो. समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर दोन सोलापुरी चादरी, भिंतीपासून चार बोटं लांब, चुण्या पाडून टांगा. झंकार जातो. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज मात्र याने थांबत नाही. तारांची उगाच येणारी कंपनं थांबवायला टॉवेलची दोन बोटं रुंद पट्टी नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) पलीकडे, खुंट्यांच्या बाजूला बांधा. फ्रेटच्या बाजूला बांधलीत तर मोकळ्या तारा मरतील आणि पहिलाच रिफ वाजणार नाही.

लय वाढवण्याची रीत

‘स्मोक’ची मूळ लय मिनिटाला ११२ मात्रांच्या आसपास आहे. ७० पासून सुरू करा. सलग पाच आवर्तनं स्वच्छ झाली की ४ ने वाढवा; एकदा चुकलं की ८ ने मागे या. ९० च्या पुढे गेल्यावर मेट्रोनोमची टिकटिक निम्मी करा आणि ती दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ऐका. मग चार मात्रांत एकच टिक. लय तुमच्या अंगात आहे की यंत्रात, ते इथे कळतं. रोज वीस मिनिटं पुरे, पण त्यातली पाच गिटारशिवाय, गाऊन.

फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना पुन्हा टाळी-खाली दाखवा. वाजवताना घाई कळत नाही, ऐकताना लपत नाही.

स्वतःचा रिफ बांधायचा तर

गिटार बाजूला ठेवा. हलगीचा एखादा ठेका मांडीवर धरा आणि त्याच्या मोकळ्या जागांत तीन स्वर गुणगुणा. सगळ्या जागा भरू नका. मग ‘स्मोक’ची बांधणी उसनी घ्या: एक छोटं वाक्य, तेच वाक्य थोडं वाकवून, तेच परत सा वर आणून. फोनमध्ये गाऊन ठेवा. दुसऱ्या दिवशी ते न ऐकता आठवतं का बघा. आठवलं नाही तर टाका. अर्धं आठवलं तर तेवढं अर्धंच ठेवा, बहुधा तेच बरं असतं.

मंचावर

रिफने सुरू होणाऱ्या गाण्यात लय गिटारवाला ठरवतो, आणि हात थंड पडलेले असताना ती हमखास चढते. वाजवायच्या आधी पहिली ओळ मनात, शब्दांसकट, गायकाच्या लयीत म्हणा. श्वास पुरेसा वाटला तर लय बरोबर आहे. ड्रमवाल्याने काठ्यांवर चार मोजले तर उत्तम, पण मग त्याच्याही मनात तीच ओळ हवी.

एसी खोलीत लावलेली गिटार उघड्या मंडपात दिव्यांखाली आली की तारा तापून उतरतात. म्हणून वाद्य मंचावर किमान पंधरा मिनिटं राहू द्या आणि मग सुरात लावा. तार फिरवताना ‘टिक्’ आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर ती नटच्या खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

आणि माइकला तोंड लावण्याआधी टेस्टरने माइकची जाळी तपासा. मंडपाच्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसेल तर एका हातात तार आणि ओठाला माइक असताना बसणारा झटका जिवावर बेतू शकतो. टेस्टर पेटला तर माइकला स्पर्श करू नका, अ‍ॅम्पचा प्लग काढा, आणि मंडपवाल्याने अर्थिंग जोडून टेस्टर पुन्हा विझलेला दाखवेपर्यंत गिटार स्टँडवरच राहू द्या.